मैलामागचे सेंट आणि हातात पडणारे डॉलर : अमेरिकेतील नव्या ट्रकचालकापुढील पर्याय

अमेरिकेत ट्रॅक्टर-ट्रेलर आणि अन्य जड ट्रक चालवणाऱ्यांची संख्या सुमारे २२ लाख आहे. केंद्रीय श्रम-सांख्यिकी विभागाच्या नोंदीनुसार मे २०२४ मध्ये या चालकांचे मध्यक वार्षिक वेतन ५७,४४० डॉलर होते. म्हणजेच निम्म्या चालकांना याहून कमी आणि निम्म्यांना याहून अधिक मिळत होते. या दोन गटांतील अंतर मोठे आहे आणि ते केवळ कष्टांवर ठरत नाही. चालक कोणत्या प्रकारच्या कंपनीत आहे, त्याचा मोबदला कोणत्या पद्धतीने मोजला जातो आणि पहिल्या दोन वर्षांत त्याने कोणत्या करारावर सही केली, या तीन गोष्टींवर ते मुख्यतः अवलंबून असते.

आपल्या बहुतेक वाचकांचा या व्यवसायाशी थेट संबंध नसतो. कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीतील पंजाबी समाजाने मालवाहतुकीत जसे पाय रोवले, तसे मराठी माणसाने केलेले नाही. तरीही कौटुंबिक प्रवर्गातून ग्रीन कार्ड मिळून आलेला भाऊ, मेहुणा किंवा भाचा या वाटेचा विचार करतो, तेव्हा सल्ला विचारायला तो घरातल्या शिकलेल्या माणसाकडेच येतो. करार वाचून पाहण्याचे आणि कधी कधी कर्जाला जामीन राहण्याचे कामही त्याच माणसाकडे येते. हा लेख अशा सल्लागारासाठी आणि स्वतः चालक होऊ पाहणाऱ्यासाठी आहे.

परवाना आणि शिक्षण

व्यावसायिक चालकाच्या परवान्याला सर्वत्र ‘सीडीएल’ म्हणतात. ट्रॅक्टर आणि ट्रेलर यांचे मिळून अनुज्ञेय वजन २६,००१ पौंड किंवा अधिक आणि त्यात ट्रेलरचे १०,००० पौंडांहून अधिक असेल, तर ‘क्लास ए’ परवाना लागतो. तेवढ्याच वजनाचे पण एकसंध वाहन, उदाहरणार्थ कचरागाडी, डंपर किंवा काँक्रीटचा मिक्सर, ‘क्लास बी’ परवान्यावर चालते. कमाईच्या बहुतेक वाटा क्लास ए परवान्यातून फुटत असल्याने नव्याने शिकणाऱ्याने शक्यतो तोच घ्यावा. राज्याच्या सीमा ओलांडून माल नेण्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात.

७ फेब्रुवारी २०२२ पासून प्रथमच परवाना घेणाऱ्याला केंद्रीय यादीत नोंदलेल्या प्रशिक्षण संस्थेतूनच शिकावे लागते. या नियमात किमान तासांची अट नाही. विद्यार्थ्याला काम जमते की नाही, हे प्रशिक्षकाने ठरवायचे असते. त्यामुळे नोंदणीकृत असूनही शाळाशाळांच्या दर्जात जमीन-अस्मानाचा फरक आढळतो. प्रत्यक्ष स्टिअरिंगवर किती तास मिळतील, एका ट्रकमागे किती विद्यार्थी असतील आणि परीक्षा कोणत्या गिअरच्या ट्रकवर होईल, हे आधी विचारावे. ऑटोमॅटिक गिअरच्या ट्रकवर परीक्षा दिल्यास हाताने गिअर बदलायचे ट्रक चालवण्यास मनाई असल्याची नोंद परवान्यावर होते आणि काही चांगल्या स्थानिक नोकऱ्यांची दारे तिथेच बंद होतात.

शिकण्याचा खर्च भागवण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, खासगी शाळेचे किंवा कम्युनिटी कॉलेजचे काही हजार डॉलर शुल्क स्वतः भरणे. दुसरा, २०१४ च्या रोजगार-प्रशिक्षण कायद्याखाली, ज्याला ‘विओआ’ म्हणतात, राज्याच्या रोजगार केंद्रातून अनुदान मिळवणे. नोकरी गेलेल्या किंवा कमी उत्पन्नाच्या व्यक्तीने हा मार्ग सर्वांत आधी तपासावा. तिसरा, मालवाहतूक कंपनीच्याच शाळेत ‘फुकट’ शिकणे. या तिसऱ्या मार्गात सहसा ठरावीक मुदत, बहुधा वर्षभर, त्याच कंपनीत काम करण्याचा करार असतो. मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास शुल्क चालकाच्या अंगावर येते आणि ती रक्कम बाहेरच्या शाळेच्या शुल्कापेक्षा मोठीही असू शकते. पैसे नसलेल्या माणसासाठी हा मार्ग वाईट नाही. मात्र कराराची मुदत, परतफेडीची रक्कम आणि कंपनीनेच कामावरून काढल्यास काय होते, ही तीन कलमे सहीपूर्वी वाचलीच पाहिजेत.

स्थलांतरितांसाठी आणखी दोन बाबी महत्त्वाच्या आहेत. ग्रीन कार्डधारकाला नेहमीचा सीडीएल मिळतो. तात्पुरत्या वास्तव्याच्या कागदपत्रांवर मिळणाऱ्या वेगळ्या प्रवर्गातील परवान्याचे नियम अतिशय कडक करण्याचे पाऊल केंद्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये उचलले आणि ते प्रकरण न्यायालयात गेले. म्हणून केवळ कामाच्या परवानगीपत्रावर असलेल्या व्यक्तीने, उदाहरणार्थ एच-४ व्हिसावरील जोडीदाराने, शाळेचे शुल्क भरण्यापूर्वी राज्याच्या परवाना कार्यालयात आपली पात्रता खात्रीने तपासावी. दुसरी बाब इंग्रजीची. रस्त्यावरील पाट्या वाचता येणे आणि तपासनिसाशी बोलता येणे, ही अट जुनीच आहे. २५ जून २०२५ पासून तिचे पालन न करणाऱ्या चालकाला जागच्या जागी कामाबाहेर काढले जाते.

मोबदला मोजण्याची रीत

सोलापुरातील विडी कामगाराला हजार विड्यांमागे मजुरी मिळते. पाने कापण्यात, ती भिजवण्यात किंवा माल देण्यासाठी रांगेत उभे राहण्यात गेलेल्या वेळेचा वेगळा दाम नसतो. अमेरिकेतील लांब पल्ल्याच्या ट्रकचालकाची स्थिती तत्त्वतः हीच आहे. त्याला मैलामागे ठरावीक सेंट मिळतात आणि चाके थांबली की सहसा मोबदलाही थांबतो.

चाके तर सतत थांबत असतात. गोदामात माल चढवण्या-उतरवण्यासाठी ताटकळणे, ट्रकची रोजची तपासणी, डिझेल भरणे, वजनकाट्यावरील रांग, वाहतूक कोंडी आणि रात्री ट्रक लावण्यासाठी जागा शोधणे, या सर्वांचा भार चालकाच्या वेळेवर पडतो. गोदामातील खोळंब्यासाठी ‘डिटेंशन’ नावाचा आकार असतो. पण पहिले दोन तास बहुधा विनामोबदला धरले जातात आणि त्यानंतरची रक्कम कंपनीला मिळाली तरी तिचा किती वाटा चालकापर्यंत पोहोचेल, हे कंपनीच्या धोरणावर ठरते. परिवहन खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१८ मध्ये या खोळंब्याचा हिशेब मांडला होता. पूर्ण ट्रकभर माल नेणाऱ्या कंपन्यांच्या चालकांचे त्यामुळे वर्षाला १.१ ते १.३ अब्ज डॉलरचे उत्पन्न बुडते, असा त्यांचा अंदाज होता.

कामाच्या तासांवरील कायदेशीर मर्यादेमुळे हा खोळंबा अधिक जाचक होतो. सलग दहा तासांच्या विश्रांतीनंतर चालकाला १४ तासांची खिडकी मिळते आणि तिच्यात जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते. आठ तास चालवून झाल्यावर अर्ध्या तासाची विश्रांती सक्तीची असते. आठवडाभर रोज काम करणाऱ्या कंपनीत सलग आठ दिवसांत कामाचे ७० तास भरले की पुढे गाडी चालवता येत नाही. ही नोंद इलेक्ट्रॉनिक यंत्र ठेवते. सकाळी गोदामात पाच तास गेले तरी १४ तासांचे घड्याळ सामान्यतः थांबत नाही. म्हणजे चालकाचा वेळही जातो आणि मैल कापण्याची त्या दिवसाची संधीही जाते.

एक ढोबळ उदाहरण घेऊ. यातील आकडे केवळ समजण्यापुरते आहेत. एका नव्या चालकाला मैलामागे ५५ सेंट मिळतात आणि आठवड्यात तो २,२०० मैल कापतो. त्याची मिळकत १,२१० डॉलर झाली. सरासरी ५० मैलांच्या वेगाने यासाठी ४४ तास लागले. खोळंबा, तपासणी आणि इतर कामांचे १९ तास धरले तर एकूण ६३ तास झाले आणि तासाचा दर १९ डॉलरच्या आसपास आला. आता शहरात रोज घरी परतणारा दुसरा चालक पाहा. त्याला तासाला २८ डॉलर मिळतात, तो ५० तास काम करतो आणि त्याची कंपनी ४० तासांनंतर दीडपट दर देते. त्याची मिळकत १,५४० डॉलर होते. पहिला चालक आठवडाभर ट्रकमध्येच झोपला आणि रस्त्यावरच जेवला, हा खर्च या हिशेबात धरलेला नाही.

दीडपट दराबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९३८ च्या केंद्रीय श्रम कायद्याने ओव्हरटाइमचा हक्क दिला, पण आंतरराज्य मालवाहतुकीतील चालकांना त्यातून वगळले. ते आजही वगळलेलेच आहेत. त्यामुळे ज्या कंपन्या ओव्हरटाइम देतात, त्या युनियनच्या करारामुळे, राज्याच्या कायद्यामुळे किंवा माणसे टिकवण्याच्या गरजेपोटी देतात. तो गृहीत धरू नये, विचारून घ्यावा.

जाहिरातीतील मैलाच्या दरात आणखी दोन खाचा असतात. काही कंपन्या प्रत्यक्ष कापलेल्या अंतराऐवजी एका पिनकोडपासून दुसऱ्या पिनकोडपर्यंतचे किंवा जुन्या कोष्टकातील अंतर धरतात. ते ओडोमीटरपेक्षा काही टक्क्यांनी कमी भरते. दुसरी खाच ‘पर डिएम’ची. पगाराचा काही भाग प्रवासभत्ता म्हणून करमुक्त दिला जातो आणि हातात येणारी रक्कम वाढलेली दिसते. परंतु करपात्र वेतन घटल्याने सोशल सिक्युरिटी, बेकारी भत्ता आणि अपघाती नुकसानभरपाई यांचा आधारही घटतो. घरासाठी कर्ज काढताना हा फरक विशेष जाणवतो.

ही अवस्था कशी आली

ट्रकचालकाची नोकरी अमेरिकेत एके काळी सुस्थित कामगारवर्गाची खूण होती. १९३५ च्या कायद्याने आंतरराज्य ट्रक वाहतुकीचे दर आणि मार्ग सरकारी नियंत्रणाखाली आणले. स्पर्धा मर्यादित राहिल्याने संघटित चालकांना वेतनवाढ मिळवता आली. १९६४ मध्ये टीम्स्टर्स युनियनचे अध्यक्ष जिमी हॉफा यांनी चार लाखांहून अधिक चालकांना लागू होणारा देशव्यापी वेतनकरार घडवून आणला. १ जुलै १९८० रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी नियंत्रणमुक्तीच्या कायद्यावर सही केली. नव्या कंपन्यांना दार उघडले, भाडे उतरले, ग्राहकांचा फायदा झाला. त्याचबरोबर पूर्ण ट्रकभर माल नेण्याच्या क्षेत्रातून युनियन जवळजवळ हद्दपार झाली आणि चालकांचे खरे वेतन घसरत गेले. अर्थतज्ज्ञ मायकेल बेल्झर यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्वेटशॉप्स ऑन व्हील्स’ या पुस्तकात या घसरणीची मांडणी केली आहे.

या क्षेत्रातील मोठ्या कंपन्यांत १९९५ ते २०१७ या काळात चालकांच्या नोकरी सोडण्याचे वार्षिक प्रमाण सरासरी ९४ टक्के होते. म्हणजे शंभर जागांमागे वर्षभरात ९४ वेळा माणूस बदलला. ‘चालकांची टंचाई’ हा शब्द जाहिरातींत वारंवार दिसतो, त्यामागे ही सततची गळती आहे. नव्या माणसाला इथे नोकरी सहज मिळते, ती याच कारणाने. आणि इथला अनुभवी माणूस निघून जातो, तो त्याच व्यवसायातील चांगल्या जागांकडेही जातो. त्या जागा कुठे आहेत, हे आधीच ठाऊक असले तर पहिले वर्ष सोसणे सोपे जाते.

पहिले वर्ष कशासाठी

चांगल्या पगाराच्या बहुतेक कंपन्या किमान एक-दोन वर्षांचा अनुभव मागतात. यामागे मुख्यतः विमा कंपन्यांच्या अटी असतात. म्हणून पहिल्या वर्षाची खरी कमाई म्हणजे अपघातरहित नोंद. तपासणीतील दोष तीन वर्षे आणि अपघात पाच वर्षे मागे जाऊन पाहण्याची सोय केंद्रीय ‘पीएसपी’ अहवालात असते. याशिवाय पूर्वीच्या मालकांनी दिलेल्या माहितीवर आधारलेला ‘डॅक’ नावाचा खासगी अहवाल असतो. दोन्ही अहवाल चालकाला स्वतः मागवता येतात आणि त्यांतील चुकांवर हरकत घेता येते. नोकरी बदलण्यापूर्वी ते मागवून वाचावेत.

अमली पदार्थांच्या चाचणीबाबत बेसावध राहून चालत नाही. कॅलिफोर्निया किंवा कोलोरॅडोसारख्या राज्यात गांजा कायदेशीर असला, तरी केंद्रीय नियमाने सीडीएलधारकाला तो पूर्णपणे वर्ज्य आहे. चाचणीत दोष आढळल्यास त्याची नोंद राष्ट्रीय माहितीसाठ्यात होते. विहित प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत ट्रक चालवता येत नाही आणि नोव्हेंबर २०२४ पासून राज्यांना अशा व्यक्तीचा व्यावसायिक परवानाच खाली उतरवावा लागतो.

नोकरीत वारंवार उड्या मारणेही महागात पडते. दोन-दोन महिन्यांत तीन कंपन्या बदललेल्या नवख्या माणसाला चौथी चांगली कंपनी सहसा उभी करत नाही. पगारात दोन-तीन सेंटचा फरक असेल तर पहिली कंपनी वर्षभर न सोडणेच हिताचे. असुरक्षित ट्रक चालवण्याची किंवा तासांची नोंद खोटी करण्याची सक्ती होत असेल तर मात्र थांबू नये.

अधिक कमाईच्या वाटा

पहिली आणि सर्वांत स्वस्त वाट परवान्यावरील जादा पात्रतांची आहे. त्यांना ‘एंडोर्समेंट’ म्हणतात. टँकरसाठी ‘एन’, दोन किंवा तीन ट्रेलर जोडून नेण्यासाठी ‘टी’ आणि धोकादायक मालासाठी ‘एच’. टँकर आणि धोकादायक माल एकत्र असल्यास ‘एक्स’. पहिल्या दोहोंसाठी लेखी परीक्षा पुरते. ‘एच’साठी प्रशिक्षण, बोटांचे ठसे आणि वाहतूक सुरक्षा प्रशासनाकडून पार्श्वभूमीची तपासणी लागते, म्हणून तिचा अर्ज आधीच करावा. बंदरात माल नेण्यासाठी ‘ट्विक’ नावाचे ओळखपत्र वेगळे असते. या नोंदी परवान्यावर आल्याने पगार आपोआप वाढत नाही. पण पेट्रोलपंपांना इंधन पोहोचवणाऱ्या टँकरसारख्या कामांसाठी अर्ज करण्याचा अधिकार त्यांनीच मिळतो.

दुसरी वाट ‘एलटीएल’ कंपन्यांची. अनेक ग्राहकांचा थोडाथोडा माल गोळा करून एकाच ट्रेलरमधून नेण्याचा हा व्यवसाय. ओल्ड डोमिनियन, साया, एस्टेस, एबीएफ, फेडएक्स फ्रेट ही त्यातील मोठी नावे. शहरातील गोळा-वाटपाचे काम तासाच्या दराने होते. दोन टर्मिनलांमधील ‘लाइनहॉल’ फेऱ्या बहुधा रात्रीच्या असतात, पण अनेक चालक रोज घरी परततात. जोड-ट्रेलरची ‘टी’ पात्रता इथेच कामी येते. या क्षेत्रातील अनेक कंपन्या गोदामातील कामगारांना स्वतः शिकवून चालक करतात. त्यामुळे लांब पल्ल्याचे पहिले वर्ष टाळू इच्छिणाऱ्याला गोदामातून आत शिरण्याचा मार्ग उपलब्ध असतो. ज्येष्ठतेच्या यादीत तळाशी असल्याने सुरुवातीला रात्रपाळी आणि अनिश्चित वेळा पत्कराव्या लागतात.

तिसरी वाट खासगी ताफ्यांची, म्हणजे स्वतःचाच माल वाहून नेणाऱ्या कंपन्यांची. वॉलमार्टने एप्रिल २०२२ मध्ये आपल्या चालकांना पहिल्याच वर्षी १ लाख १० हजार डॉलरपर्यंत मिळू शकतील, असे जाहीर केले. बाहेरून येणाऱ्या चालकाला मात्र तिथे दीर्घ अनुभवाची आणि स्वच्छ नोंदीची अट असते. त्याच सुमारास कंपनीने स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी १२ आठवड्यांचा चालक-प्रशिक्षण कार्यक्रमही सुरू केला. किराणा साखळ्या आणि शीतपेयांचे वितरक असेच ताफे बाळगतात. अन्नपदार्थांच्या वितरणात पगार चांगला असतो, पण खोकी हाताने उतरवावी लागतात. ते काम पन्नाशीत जमेल का, हे तिशीतच विचारात घ्यावे.

चौथी वाट युनियनच्या जागांची. २०२३ मध्ये यूपीएस आणि टीम्स्टर्स यांच्यात झालेल्या पाच वर्षांच्या करारानुसार पूर्णवेळ वितरण चालकांचा सर्वोच्च दर मुदतीअखेर तासाला सरासरी ४९ डॉलर होणार आहे. यूपीएसमध्ये मोठे ट्रेलर ओढणाऱ्या चालकांना ‘फीडर’ म्हणतात. या जागा ज्येष्ठतेने भरल्या जातात आणि अनेकांची सुरुवात अर्धवेळ माल भरण्यापासून होते, म्हणून इथे धीर लागतो. युनियन असली की नोकरी कायमची सुरक्षित, असेही मानू नये. सुमारे शंभर वर्षांची यलो ही मालवाहतूक कंपनी जुलै २०२३ मध्ये बंद पडली आणि जवळपास ३० हजार नोकऱ्या गेल्या. त्यातील सुमारे २२ हजार टीम्स्टर्सच्या सदस्यांच्या होत्या.

पाचवी वाट ‘डेडिकेटेड’ आणि प्रादेशिक कामाची. एकाच ग्राहकासाठी ठरलेल्या मार्गावर फेऱ्या असल्याने मैलांचा भरवसा असतो आणि आठवड्यातून एक-दोनदा घर दिसते. सध्याच्या कंपनीतच, अनुभवाची नवी अट न भरता, अशी बदली मागता येते. म्हणून सहा महिन्यांनंतर विचारायचा पहिला प्रश्न हाच असावा. दोन चालकांनी आळीपाळीने एकच ट्रक चालवण्याच्या ‘टीम’ कामात मैल खूप होतात. पण मोबदला दोघांत वाटला जातो आणि झोप धावत्या ट्रकमध्ये घ्यावी लागते. पती-पत्नी मिळून हे काम करतात तेव्हा त्याचा आर्थिक मेळ सर्वांत चांगला बसतो.

स्वतःचा ट्रक : सर्वांत मोठी जोखीम

‘स्वतःचा मालक व्हा’ हे आवाहन आपल्या माणसाला लगेच भावते. म्हणूनच घरातल्या सल्लागाराने इथे सर्वाधिक सावध राहायला हवे.

सर्वांत घातक प्रकार ‘लीज-पर्चेस’चा. मालवाहतूक कंपनी स्वतःचाच ट्रक चालकाला भाड्याने देते आणि हप्ते फिटल्यावर तो त्याच्या मालकीचा होईल, असे सांगते. कागदोपत्री तो स्वतंत्र व्यावसायिक ठरतो. प्रत्यक्षात त्याला माल तीच कंपनी देते, दर तीच ठरवते आणि ट्रकचा हप्ता, विमा, डिझेल, दुरुस्ती यांची कपात आठवड्याच्या हिशेबातून तीच करते. कामाची मंदी आली की मिळकत घटते, हप्ता घटत नाही. त्यामुळे आठवडाभर राबून चालकाकडेच देणे निघाल्याचे प्रकार घडतात. मध्येच सोडल्यास भरलेले पैसे आणि ट्रक दोन्ही जातात. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने या व्यवहारांच्या चौकशीसाठी एक कृतिदल नेमायला लावले होते. जानेवारी २०२५ मध्ये दिलेल्या अहवालात त्याने असे करार कायद्यानेच बंद करावेत, अशी शिफारस काँग्रेसला केली.

अशा करारांत तंटा न्यायालयाऐवजी खासगी लवादाकडे नेण्याचे कलमही असते. ‘न्यू प्राइम विरुद्ध ऑलिव्हेरा’ या खटल्यात १५ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य मतांनी निर्णय दिला. आंतरराज्य वाहतुकीतील चालक स्वतंत्र कंत्राटदार म्हणवला गेला तरी केंद्रीय लवाद कायद्याखाली त्याला लवादाकडे जाण्याची सक्ती करता येत नाही, असा त्याचा आशय आहे. ढाल म्हणून हा निर्णय मोलाचा आहे. पण खटला लढण्यापेक्षा सही न करणे केव्हाही स्वस्त.

दुसरा प्रकार अधिक साधा दिसतो आणि लहान, ओळखीपाळखीच्या कंपन्यांत सर्रास आढळतो. ट्रक कंपनीचा, वेळ कंपनीची, माल कंपनीचा, पण पगार मात्र ‘१०९९’ या कंत्राटदाराच्या फॉर्मवर. हातात येणारी रक्कम मोठी वाटते, कारण कर कापलेला नसतो. वर्षअखेर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर मिळून १५.३ टक्क्यांचा स्वयंरोजगार कर चालकालाच भरावा लागतो. नोकरदारासाठी यातील अर्धा वाटा मालक भरतो. शिवाय अपघात झाल्यास कामगार भरपाई मिळेलच असे नाही आणि काम गेल्यास बेकारी भत्ता मिळवताना झगडावे लागते. स्वतःचा ट्रक नसलेल्या चालकाने ‘डब्ल्यू-२’ नोकरीचाच आग्रह धरावा. समाजातील ओळखीने मिळालेल्या कामात हा आग्रह धरणे अवघड वाटते, म्हणून तो सुरुवातीलाच धरावा.

खरोखर स्वतःचा ट्रक घेऊन व्यवसाय करणेही आहे, पण तो व्यवसाय आहे. अमेरिकन वाहतूक संशोधन संस्थेच्या पाहणीत २०२४ मध्ये ट्रक चालवण्याचा सरासरी खर्च, चालकाचे वेतन धरून, मैलामागे २.२६ डॉलर निघाला. सर्वसाधारण मालासाठी किमान साडेसात लाख डॉलरचा दायित्व विमा कायद्याने लागतो आणि दलाल सहसा दहा लाखांचा मागतात. नव्या परवानाधारक व्यावसायिकाला त्याचा हप्ता सर्वांत जड जातो. ७५,००० पौंडांवरील ट्रकला वर्षाला ५५० डॉलरचा केंद्रीय जड वाहन कर असतो. राज्यवार इंधन कर आणि नोंदणी वेगळी. २०२१ मध्ये भाडे चढलेले पाहून अनेकांनी महाग ट्रक घेतले आणि २०२२ पासून भाडे कोसळल्यावर तेच हप्ते डोईजड झाले. किमान दोन-तीन वर्षांचा अनुभव, एखाद्या मोठ्या दुरुस्तीला पुरेल एवढी शिल्लक आणि मालाचा निश्चित स्रोत, हे तिन्ही जुळल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

सहीपूर्वी विचारायचे प्रश्न

भरती करणारा अधिकारी मैलाचा दर आणि सही करतानाचा बोनस सांगतो. चालकाने पुढील गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरे ई-मेलने लेखी घ्यावीत.

१. माझ्यासारख्या नव्या चालकांना गेल्या तीन महिन्यांत आठवड्याला सरासरी किती मैल मिळाले?
२. अंतर कोणत्या पद्धतीने मोजले जाते? रिकाम्या ट्रेलरच्या मैलांना तोच दर आहे का?
३. खोळंब्याचा मोबदला कितव्या तासापासून आणि किती? काम न मिळालेल्या दिवसाचे काय?
४. आठवड्याला किमान वेतनाची हमी आहे का?
५. प्रशिक्षकासोबतच्या आठवड्यांत काय मिळते?
६. घरी किती दिवसांनी आणि किती काळासाठी सोडले जाते?
७. आरोग्य विमा कधी सुरू होतो आणि कुटुंबासाठी त्याचा हप्ता किती?
८. नोकरी सोडल्यास मी कंपनीला किती देणे लागेन?

उत्तरे हाती आल्यावर आठवड्याची अपेक्षित मिळकत घराबाहेर कामात जाणाऱ्या एकूण तासांनी भागावी. दोन नोकऱ्यांची तुलना याच एका आकड्यावर करावी आणि आरोग्य विम्याचा फरक त्यात मिळवावा. बोनसचा आकडा बाजूला ठेवावा, कारण तो बहुधा अनेक महिन्यांत विभागून आणि अटींवर मिळतो.

आज परवाना हाती आलेल्या माणसासाठी व्यवहार्य क्रम असा ठरतो. राज्याचे अनुदान मिळते का ते पाहून क्लास ए परवाना, शक्यतो गिअरचे बंधन नसलेला. परीक्षेच्या तयारीतच टँकर आणि जोड-ट्रेलरच्या पात्रता. गावात एलटीएल कंपनीचे टर्मिनल असेल तर पहिला अर्ज तिथे, अगदी गोदामातील कामासाठीही. ते न जमल्यास डब्ल्यू-२ पगारावर मोठ्या कंपनीत एक वर्ष, अपघाताविना. सहा महिन्यांनी डेडिकेटेड मार्गाची मागणी आणि धोकादायक मालाच्या पात्रतेचा अर्ज. वर्ष संपताना स्वतःचे दोन्ही अहवाल मागवून तासाच्या दराच्या स्थानिक, एलटीएल आणि खासगी ताफ्याच्या जागांसाठी अर्ज. या संपूर्ण काळात लीज-पर्चेसच्या कागदावर सही नाही आणि त्यासाठी नातेवाइकांकडून उसनवारीही नाही.